सामाजिक संस्थेत नेतृत्व अनेकांचे कसे होईल

महाराष्ट्रातल्या बऱ्याच सामाजिक संस्था एखाद्या व्यक्तीच्या किंवा जोडप्याच्या ध्यासातून उभ्या राहिल्या आहेत. सुरुवातीला संस्थापकाच्या घरातली पुढची खोली हेच कार्यालय असते, खर्च खिशातून होतो आणि प्रत्येक गोष्ट त्याच माणसाला विचारून केली जाते, कारण विचारायला दुसरे कोणी नसतेच. अडचण पुढे येते. काम पाच गावांवरून पन्नास गावांवर जाते, चार कार्यकर्त्यांचे चाळीस होतात, दोन-तीन मोठे देणगीदार जोडले जातात. तरी प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे, कोणत्या गावातले काम थांबवायचे, कोणाचे मानधन किती वाढवायचे, हे सारे एकाच टेबलावर ठरत राहते. त्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाचा हेतू शुद्ध असतो, त्याने कामासाठी आयुष्य वेचलेले असते, आणि म्हणूनच त्याच्यासमोर वेगळे मत मांडणे इतरांना कृतघ्नपणाचे वाटते.

या प्रश्नाची चर्चा बहुधा स्वभावाच्या अंगाने केली जाते. प्रमुखाने ऐकून घ्यावे, सर्वांना मान द्यावा, रागावू नये, असे सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. परंतु पैसा, माणसे आणि माहिती यांविषयीचे निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती असतील, तर ती व्यक्ती कितीही नम्र असली तरी तिथले नेतृत्व सर्वसमावेशक झाले असे म्हणता येत नाही. बदल अधिकारांच्या वाटपात करावा लागतो आणि तो लेखी करावा लागतो. पुढील मार्गदर्शन विश्वस्त संस्था किंवा सोसायटी म्हणून नोंदलेल्या, दहापासून साठ-सत्तरपर्यंत कार्यकर्ते असलेल्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

पहिले काम: निर्णयांची नोंद

धोरण लिहिण्याआधी एक साधी वही घ्यावी आणि गेल्या तीन महिन्यांत संस्थेत झालेले लहानमोठे निर्णय आठवून लिहावेत. प्रत्येक निर्णयापुढे चार रकाने असावेत: तो सुचवला कोणी, त्याबद्दल कोणाकोणाशी बोलणे झाले, शेवटचा शब्द कोणाचा होता, आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम झाला त्यांना तो कधी व कसा कळला. हे काम प्रमुखाने एकट्याने करू नये. लेखापाल, एक-दोन प्रकल्प समन्वयक आणि गावपातळीवर काम करणारे किमान दोघे यांनी आपापली यादी वेगळी करावी व नंतर सर्व याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. याद्यांमधला फरक बरेच काही सांगून जातो. प्रमुखाच्या यादीत जो निर्णय ‘सर्वांशी चर्चा करून’ झालेला असतो, तोच कार्यकर्त्यांच्या यादीत ‘व्हॉट्सॲपवर कळला’ असा असतो.

समजा, एखादी संस्था नंदुरबार जिल्ह्यात बालकांच्या पोषणावर काम करते आणि तिने गावातल्या मातांच्या बैठका मंगळवारऐवजी गुरुवारी घेण्याचे ठरवले. कार्यालयाच्या दृष्टीने हा किरकोळ बदल आहे, कारण गुरुवारी गाडी मोकळी असते. पण गुरुवार हा त्या भागातल्या आठवडी बाजाराचा दिवस असेल, तर बैठकीला माता येणार नाहीत आणि महिनाअखेरीस उपस्थिती का घटली याचा जाब गावातल्या कार्यकर्तीला विचारला जाईल. हा निर्णय तिने घ्यायला हवा होता, निदान तिच्याशी बोलून तरी घ्यायला हवा होता. अशी दहा-पंधरा उदाहरणे वहीत सापडली की कोणते अधिकार खाली द्यायचे हे वेगळे शोधावे लागत नाही.

त्यानंतर निर्णयांची वाटणी करावी. कार्यकर्त्याने स्वतःच्या अधिकारात घ्यायचे, गटाने बसून घ्यायचे, समन्वयकाने घ्यायचे आणि विश्वस्त मंडळापुढे न्यायचेच असे निर्णय वेगवेगळे लिहून काढावेत आणि तो मसुदा कार्यकारिणीच्या सभेत ठराव म्हणून संमत करून घ्यावा. पैशाच्या बाबतीत रक्कम स्पष्ट असावी. अमुक इतक्या रुपयांपर्यंतचा खर्च समन्वयक आधी मंजुरी न घेता करील, त्याची पावती व हिशेब इतक्या दिवसांत देईल, असे लिहिलेले असले की विश्वास आणि जबाबदारी दोन्ही एकदमच दिले जातात. दोनशे रुपयांच्या झेरॉक्ससाठीही फोन करून विचारावे लागत असेल, तर त्या समन्वयकाला कितीही प्रशिक्षणे दिली तरी तो निर्णय घ्यायला शिकणार नाही. ठराव झाल्यावर प्रमुखाने पाळायचा नियम एकच आहे, पण तो फार अवघड आहे: जो अधिकार दिला, त्यातला निर्णय आपल्याला पटला नाही म्हणून परस्पर फिरवायचा नाही. चुकीच्या निर्णयावर पुढच्या बैठकीत सर्वांसमोर बोलावे. एकदा जरी निर्णय मागच्या दाराने बदलला गेला, तरी सगळे पुन्हा विचारायला येऊ लागतात.

बैठक

संस्थेची संस्कृती पाहायची असेल तर तिचे ध्येयविधान वाचण्यापेक्षा मासिक बैठकीत जाऊन बसावे. एक नेहमीचे चित्र असे असते. समोर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर सर, मॅडम आणि वरिष्ठ, सतरंजीवर बाकीचे. सकाळचा वेळ प्रत्येकाच्या आकडेवारीत जातो: किती गृहभेटी, किती बचत गट, किती लाभार्थी. ज्यांचे आकडे कमी त्यांना उभे राहून कारण सांगावे लागते. जेवण झाल्यावर खरे विषय निघतात आणि साडेतीन-चारला लांबच्या गावांतल्या बायका पर्स सावरत उठू लागतात, कारण शेवटची एसटी गाठायची असते. मग उरलेले सहा-सात पुरुष पाच वाजेपर्यंत बसून पुढच्या तिमाहीचे नियोजन करतात. कोणीही कोणाला मुद्दाम वगळलेले नसते, तरी निर्णयातून बायका वगळल्या जातात.

म्हणून बैठकीची वेळ शेवटच्या एसटीवरून ठरवावी आणि निर्णयाचे विषय सकाळी घ्यावेत. आकडेवारी आधी लेखी मागवून दुपारी तिच्यावर बोलावे. विषयपत्रिका किमान चार दिवस आधी मराठीत पाठवावी आणि तीत विषय घालण्याचा अधिकार प्रत्येक कार्यकर्त्याला असावा. सर्वांनी एकाच प्रकारच्या बैठकीवर बसावे, मग त्या खुर्च्या असोत की सतरंजी. गुडघे दुखत असतील त्यांना खुर्ची मिळावी, हुद्द्यावरून नव्हे. बोलण्याचा क्रम उलटा असावा. सर्वांत नवे आणि गावपातळीवरचे आधी बोलतील, समन्वयक नंतर, प्रमुख सर्वांत शेवटी. प्रमुखाने सुरुवातीलाच ‘मला असे वाटते’ म्हटले की पुढची चर्चा त्या मताच्या आजूबाजूलाच फिरते, हे ज्याने बैठका पाहिल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही.

इतिवृत्त हा तर अधिकाराचाच कागद आहे. ते लिहिण्याची पाळी आळीपाळीने सर्वांवर यावी, ज्यांचे लेखन कच्चे आहे त्यांना जोडीदार द्यावा आणि बैठक संपण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवावे. त्यात ‘चर्चा झाली’ एवढेच न लिहिता काय ठरले, कोणी करायचे, कधीपर्यंत करायचे आणि कोणाचे मत वेगळे होते हे लिहिलेच पाहिजे. वेगळ्या मताची नोंद होते हे दिसले की वेगळे मत देणे हा अपराध वाटेनासा होतो.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, सातपुड्यात पावरी आणि भिली बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना बैठकीतली कार्यालयीन मराठी समजते, पण तीत विचार मांडताना त्यांची गती मंदावते आणि ऐकणाऱ्यांना वाटते की यांना सांगण्यासारखे काही नाही. प्रत्येक महत्त्वाच्या विषयाला दहा-पंधरा मिनिटे आपल्या भाषेत गटागटाने बोलू द्यावे आणि मग एकाने मराठीत मांडावे. यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा. दुसऱ्या बाजूला, देणगीदाराला इंग्रजीत पाठवलेला प्रत्येक प्रस्ताव दोन पानी मराठी सारांशासह कार्यकर्त्यांपुढे आलाच पाहिजे. कोणत्या गावात किती काम करू असे आपल्या नावावर कबूल करण्यात आले आहे, त्यासाठी किती पैसे आले आहेत आणि ते कोणत्या बाबींवर खर्च होणार आहेत, हे ज्यांना काम करायचे आहे त्यांनाच माहीत नसते. माझ्या मते, सामान्य संस्थेत विषमता सर्वांत जास्त कुठे असेल तर या माहितीत आहे, आणि ती दूर करायला एक रुपयाही लागत नाही.

चर्चा आणि निर्णय यांची सांगड कशी घालावी हे शिकण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाकडे पाहावे. सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा व सांभाळण्याचा कायदेशीर हक्क, २००९ मध्ये मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांची. तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या गेल्या. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवायचे, हवे तितके वाद घालायचे, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. बाहेरच्या माणसाचे ज्ञान घ्यायचे आणि निर्णय मात्र आपल्या हाती ठेवायचा, ही त्या रचनेतली मेख आहे. संस्थेने यातून घ्यावे ते असे: अंदाजपत्रक किंवा नवा प्रकल्प यांसारखा मोठा विषय आधी एका अभ्यास बैठकीत ठेवावा आणि निर्णय निदान आठवडाभराने वेगळ्या बैठकीत घ्यावा. मधल्या दिवसांत, जे सभेत बोलत नाहीत ते आपसांत बोलतात आणि पुढच्या वेळी तयारीने येतात. सर्वसहमती मात्र संस्थेत जपून वापरावी. गावात सगळे एका पातळीवरचे रहिवासी असतात. संस्थेत एकाच्या हाती दुसऱ्याची नोकरी असते आणि तिथे गप्प राहण्यालाच सहमती समजले जाण्याचा धोका असतो.

विश्वस्त मंडळ

कार्यालयात कितीही मोकळेपणा आणला, तरी विश्वस्त मंडळावर संस्थापकाचे कुटुंबीय, वर्गमित्र आणि दोन प्रतिष्ठित नावे एवढेच असतील, तर ते सारे वरच्या मर्जीवर अवलंबून राहते. सोसायट्यांच्या नोंदणीचा १८६० चा कायदा किमान सात सभासद मागतो. ते सात कोण असावेत हे तो सांगत नाही, ती निवड आपली असते. संस्थेच्या घटनेत विश्वस्तांची मुदत, जास्तीत जास्त किती वेळा सलग निवड होऊ शकते आणि एका कुटुंबातील किती जण एका वेळी असू शकतात, हे स्पष्ट लिहावे. ज्या समाजासाठी संस्था काम करते त्यातील किमान दोन व्यक्ती मंडळावर असाव्यात. एकटी व्यक्ती पाहुण्यासारखी बसून राहते, दोघी असल्या की त्या एकमेकींकडे पाहून बोलतात. त्यांना प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळाली पाहिजे. रोजंदारी बुडवून सभेला येणाऱ्या बाईकडून सेवाभावाची अपेक्षा करणे आणि पेन्शनधारक विश्वस्ताला तीच अपेक्षा लावणे या सारख्या गोष्टी नव्हेत.

यातली कागदोपत्री बाजू लोक टाळतात आणि मग अडकतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये झालेला बदल नव्वद दिवसांच्या आत विश्वस्त संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. बोलीत त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो दाखल केला नाही तर नवे विश्वस्त सभेला येतात, ठराव करतात, पण कार्यालयाच्या दप्तरात जुनीच नावे राहतात. पुढे बँकेत सही बदलायची वेळ आली की अडचणी सुरू होतात आणि निधन पावलेल्या विश्वस्तांचीही नावे दप्तरात निघतात. निवडणूक किंवा नेमणूक ज्या सभेत झाली तिची सूचना, ती सर्वांना मिळाल्याचा पुरावा, गणपूर्तीची (सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीची) नोंद, इतिवृत्त आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे सभेच्या दिवशीच एका फायलीत लावावीत. अधिकार दुसऱ्याकडे खऱ्या अर्थाने गेला की नाही, हे शेवटी या फायलीवरून आणि धनादेशावरच्या सहीवरून ठरते. तीनपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने खाते चालत असेल, तर त्या तिघांमध्ये एकाच घरातले दोघे नसावेत.

नेमणूक आणि बढती

संस्थेतील सर्वांची एक यादी करावी आणि पदांच्या उतरंडीप्रमाणे ती मांडून पाहावी. बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दिसते: गावात फिरणारे दलित, आदिवासी, भटके-विमुक्त किंवा मुस्लिम, अहवाल लिहिणारे आणि देणगीदारांशी बोलणारे शहरात शिकलेले, वरच्या जातींमधले. प्रवेशाच्या पायरीवर विविधता असते, वरच्या पायऱ्यांवर नसते. ही माहिती गोळा करताना सक्ती करू नये आणि ती चारचौघांत वाचूनही दाखवू नये, पण विश्वस्त मंडळाने ती वर्षातून एकदा पाहिलीच पाहिजे.

कारण शोधायला जाहिरातीपासून सुरुवात करावी. समन्वयकाच्या पदासाठी ‘एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), उत्तम इंग्रजी, स्वतःची दुचाकी व परवाना’ असे लिहिले की दहा वर्षे गावात काम केलेली, बारावी शिकलेली आणि दुचाकी न चालवणारी कार्यकर्ती अर्जच करत नाही. पदवीऐवजी अनुभव चालेल असे लिहावे. इंग्रजी अहवालासाठी अनुवादकाची तरतूद करावी. समन्वयाचे कौशल्य शिकवण्यापेक्षा अनुवाद करून घेणे कितीतरी सोपे आहे. दुचाकी शिकण्याचा व परवान्याचा खर्च संस्थेने करावा. मुलाखत मंडळात गावपातळीवरची एक व्यक्ती असावी आणि मुलाखतीत भाषणापेक्षा प्रत्यक्ष प्रसंग द्यावा: एका गावात दोन वस्त्यांचा पाणवठ्यावरून वाद आहे, पहिल्या आठवड्यात तुम्ही काय कराल?

शिक्षण कमी म्हणून नेतृत्व कमी, हा समज आपल्याच राज्यात पन्नास वर्षांपूर्वी खोटा ठरला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, तेव्हा आधी प्रशिक्षित परिचारिकांच्या आधारे गावे सांभाळण्याचा प्रयत्न झाला. तो जमला नाही. मग गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले गेले. त्यांच्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. जामखेडच्या प्रशिक्षणात सर्व जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या पुढे गावात बाळंतपणे सुखरूप करू लागल्या, बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना शिकवू लागल्या. हे घडले कारण त्यांना निरोप पोचवण्याच्या कामापुरते ठेवले नाही. गावातील आरोग्याचा पहिला निर्णय त्यांच्या हाती दिला आणि दर आठवड्याचे प्रशिक्षण वर्षानुवर्षे चालू ठेवले. जबाबदारी आणि सातत्याने पाठबळ, या दोन्ही गोष्टी एकत्र नसतील तर नव्या माणसाला वर आणून तोंडघशी पाडल्यासारखे होते. बढती दिल्यावर पहिले वर्षभर आठवड्यातून एकदा तासभर बसणारा अनुभवी सोबती द्यावा, आणि हा सोबती शक्यतो त्या व्यक्तीचा वरिष्ठ नसावा.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची दखल घेतो आणि खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण करायला सांगतो. धोरणाचा नमुना उतरवून काढणे सोपे आहे. त्यापेक्षा आधी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे का, स्वच्छतागृहात आधाराची दांडी आहे का, अंध कार्यकर्त्याला इतिवृत्त युनिकोडमध्ये मिळते की फोटो काढून पाठवले जाते, हे तपासावे. फोटोतला मजकूर वाचून दाखवणे मोबाइलला जमेलच असे नाही. टाइप केलेला मजकूर तो सहज वाचतो.

‘आपण सगळे एक कुटुंब’

संस्थेत हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते आणि त्यात खोटे काही नसते. तरी नेतृत्व निकोप ठेवायचे असेल तर या वाक्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण कुटुंबात पगार मागत नाहीत, कामाचे तास मोजत नाहीत आणि थोरल्यांविरुद्ध तक्रार करत नाहीत. ताई, दादा, भाऊ या हाका राहू द्याव्यात. त्यांच्यासोबत नेमणूकपत्र, कामाचे वर्णन, रजेचे नियम आणि वेतनश्रेणी याही गोष्टी लेखी असाव्यात. वेतनश्रेणी सर्वांना माहीत असावी. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या मानधनातले अंतर किती असावे, याची मर्यादा विश्वस्त मंडळाने ठरवून जाहीर करावी.

प्रकल्प संपला की मानधन थांबते, नवा प्रकल्प मिळेपर्यंत ‘आपलेच काम आहे’ म्हणून काम चालू राहते, हा प्रकार फार ठिकाणी आहे आणि तो थांबवला पाहिजे. परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, तेव्हापासून कार्यालयाचा खर्च भागवणे अवघड झाले आहे, हे खरे. पण त्या टंचाईचा भार कोणावर टाकायचा हा निर्णय संस्थेचाच असतो, आणि तो बहुधा गावपातळीच्या कार्यकर्त्यावर पडतो, कारण तो बोलत नाही. दरवर्षीच्या स्थानिक देणग्यांतून थोडी रक्कम बाजूला काढून तीन महिन्यांच्या मानधनाइतका राखीव निधी उभारावा आणि तो इमारतीसाठी वापरायचा नाही असा ठराव करावा.

थकव्याबद्दलही बोलले पाहिजे. हिंसाचाराच्या प्रकरणांवर, कुपोषणाच्या मृत्यूंवर, आत्महत्या झालेल्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांना सक्तीची रजा द्यावी आणि प्रमुखाने ती आधी स्वतः घ्यावी. रात्री अकराला संदेश पाठवणारा प्रमुख उत्तर सकाळी दिले तरी चालेल असे म्हणतो, पण समोरचा माणूस ते रात्रीच वाचतो.

तक्रार करण्याची जागा

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा इतिहास प्रत्येक संस्थेत सांगितला जावा, कारण त्याचे मूळ एका गावपातळीच्या कार्यकर्तीच्या लढ्यात आहे. भंवरी देवी राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करत होत्या. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करताना झालेल्या या अत्याचाराची जबाबदारी कोणी घेतली नाही. त्यातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे देणारा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा झाला.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असाव्यात, निम्म्या तरी सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य बाहेरची, या विषयाची जाण असलेली व्यक्ती असावी. कर्मचारी या व्याख्येत मानधनावर किंवा विनामोबदला काम करणारे स्वयंसेवकही येतात, हे अनेक संस्था विसरतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते आणि जिला लिहिता येत नाही तिला लिहिण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे: कर्मचारी दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द संस्थेच्या मालकाच्या जागी असलेल्या प्रमुखाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ही शेवटची बाब कार्यालयाच्या भिंतीवर, समितीच्या सदस्यांच्या संपर्कासह, मराठीत आणि जिथे गरज आहे तिथे स्थानिक भाषेत लावलेली असावी. जी संस्था प्रमुखाविरुद्ध तक्रार कुठे करायची हे स्वतः भिंतीवर लिहिते, तिथे काम करणाऱ्या मुलीला आपण कोणत्या ठिकाणी आलो आहोत हे न सांगता समजते.

जातीवरून अपमान, मानधन अडवणे, जाणूनबुजून दूरच्या गावी बदली, अशा तक्रारींसाठीही वेगळी वाट हवी. दोन विश्वस्त आणि एक बाहेरची व्यक्ती यांचा छोटा गट पुरतो. तक्रार मिळाल्याची पोच किती दिवसांत द्यायची आणि उत्तर किती दिवसांत द्यायचे, हे मात्र आधीच ठरलेले असावे. वर्षभरात एकही तक्रार आली नाही, तर समाधान मानण्याआधी बाहेरच्या सदस्याने कार्यकर्त्यांना तीन-चारच्या गटात भेटून बोलावे.

पुढचे नेतृत्व

गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात १९०५ मध्ये देशसेवेला वाहून घेणारे कार्यकर्ते घडवण्यासाठी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली. ते १९१५ मध्ये गेले तेव्हा संस्था अवघी दहा वर्षांची होती. पुण्यात स्थापन झालेल्या त्या संस्थेचे अध्यक्षपद त्यानंतर मद्रास प्रांतातील व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आले. ते गोखल्यांचे नातलग नव्हते, मराठी भाषकही नव्हते, संस्थेचे सदस्य होते. सदस्यांना घडवण्याची रीत संस्थेत सुरुवातीपासून होती, म्हणून हे होऊ शकले. संस्थापक हयात आणि धडधाकट असतानाच ही तयारी करायची असते.

प्रमुखाने पद सोडण्याचे वर्ष आधी जाहीर करावे, निदान तीन वर्षे आधी. पहिल्या वर्षी सलग सहा-आठ आठवडे पूर्ण रजा घ्यावी आणि त्या काळात कोणता निर्णय कोणामुळे अडला याची नोंद दुसऱ्याने ठेवावी. कोणते ज्ञान फक्त एका डोक्यात आहे हे त्या नोंदीतून कळते. दुसऱ्या वर्षी देणगीदार, जिल्हाधिकारी कार्यालय, पंचायत समिती आणि बँक यांच्याशी असलेला संपर्क दोन किंवा तीन सहकाऱ्यांकडे सोपवावा. केवळ ओळख करून देऊन भागत नाही. पुढच्या बैठकीला त्यांनी एकट्याने जावे. वारसदार एकच असावा हा आग्रहही सोडावा. कार्यक्रमाची आणि व्यवस्थापनाची जबाबदारी दोन वेगळ्या व्यक्तींनी मिळून सांभाळणे बऱ्याच संस्थांना मानवते, मात्र मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणत्या विषयात कोणाचा, हे लिहिलेले हवे.

संस्थापकांनी पद सोडल्यानंतर विश्वस्त मंडळावर राहावे की नाही, यावर मते वेगवेगळी आहेत. माझे मत असे की निदान दोन वर्षे राहू नये. सल्लागार म्हणून राहिल्यास सल्ला मागितल्यावरच द्यावा, कार्यकर्त्यांचे गाऱ्हाणे घेऊन येणारे फोन नव्या प्रमुखाकडे वळवावेत आणि गावातल्या जुन्या सोबत्यांना भेटायला जाताना नव्या प्रमुखाला आधी कळवावे. नव्या प्रमुखाच्या पहिल्या वर्षाचा आढावा विश्वस्तांनी घ्यावा, संस्थापकांनी नव्हे, आणि त्या आढाव्यात गावपातळीच्या कार्यकर्त्यांचे म्हणणे लेखी घेतलेले असावे.